पाण्याला पायरी हवी : परसातल्या तळ्याविषयी थोडे



एकलहऱ्याचे नाव घेतले की कुणाच्याही डोळ्यांसमोर औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी उभी राहतात. वीज कोळशावर होते हे शाळकरी पोरसुद्धा सांगेल. पण नुसता कोळसा जाळून चाक फिरत नाही. वाफेला पाणी लागते आणि थंड करायलाही पाणीच लागते. म्हणून १९७० पासून चालत आलेल्या या केंद्रासाठी गोदावरीचे पाणी बंधाऱ्याने अडवून धरावे लागले. वरती १९१६ चे दारणा धरण, १९६५ चे गंगापूर धरण, आणि खाली आपली उसाची, द्राक्षाची, भाजीपाल्याची शेते. या पट्ट्यातला सारा संसार साठवलेल्या पाण्यावर उभा आहे. तेव्हा पाणी कसे साठवावे हे आपल्या सभासदांना आम्ही शिकवायला नको.

तरीपण आज आम्ही लिहिणार आहोत ते एका अगदी लहान पाण्याविषयी. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, मध्ये दोन फूट खोल. घरामागच्या परसातले तळे. मळ्यात नवी घरे उठली, पुढे ओटा आणि मागे परसबाग आली, तशी घरातल्या लेकीसुनांची आणि पोरांची हौस पुढे आली. दोन कमळे असावीत, चार मासे असावेत, संध्याकाळी बसायला गारवा असावा. हौसेला मोल नसते म्हणतात, आणि या हौसेत वाईट काहीच नाही. पण खड्डा खणला, कागद अंथरला, पाणी सोडले, झाले तळे, असे समजून जे काम होते ते वर्षभरात डासांचे आगर तरी होते, नाहीतर कोरडा उकिरडा तरी. आणि क्वचित त्याहून वाईट घडते. म्हणून कुदळ मारण्याच्या आधी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत, एवढेच आमचे सांगणे आहे.

पाणी येणार कुठून? जादा झालेले पाणी जाणार कुठे? आणि पाण्यात पडलेला जीव बाहेर येणार कसा?

पहिले दोन प्रश्न शेतकऱ्याला आपसूक सुचतात. तिसरा राहून जातो. तोच सर्वांत मोठा आहे.

जागा आणि माप

परसातले तळे आणि शेततळे यांत माणसे गल्लत करतात. २०१६ साली सरकारची ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात शेततळी घरोघर माहीत झाली. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल अशा शेततळ्यात सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावते. आपल्या परसातल्या तळ्याचा हिशेब करा. लांबी दहा फूट, रुंदी आठ, आणि कडेच्या पायऱ्या धरून सरासरी खोली दीड फूट. म्हणजे १२० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे जवळजवळ ३,४०० लिटर. शेततळ्याच्या सहाशे-साडेसहाशे पटीने लहान. हे पाणी पिकासाठी नाही, ते घरासाठी आहे, ही गोष्ट आधी मनाशी पक्की करावी.

जागा निवडताना पाच गोष्टी पाहाव्या. दिवसातून चार-सहा तास ऊन मिळाले पाहिजे, नाहीतर कमळ फुलत नाही. चिंच, कडुलिंब, शेवगा यांच्या खाली तळे नको. पाने पडून कुजतात आणि मुळ्या तळाखालून घुसतात. घराच्या भिंतीपासून निदान दहा फूट अंतर ठेवावे, कारण आपली काळी जमीन ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि त्या ओढाताणीत पायाला तडे जातात. संडासाचा शोषखड्डा, गोठ्याचे मूत्र वाहून नेणारी नाली आणि पिण्याची विहीर यांच्यापासून जागा लांबच हवी.

पाचवी गोष्ट नकाशात दिसत नाही, पण आम्ही तिला पहिला मान देतो. तळे स्वयंपाकघराच्या दारातून नजरेस पडले पाहिजे. घरातली बाई दिवसातून पन्नास वेळा त्या दारात येते. जे पाणी येता-जाता दिसते, ते राखले जाते. गोठ्याआड, कडब्याच्या गंजीआड केलेले तळे चार दिवसांत विसरले जाते.

आणखी एक इथलीच म्हणून सांगायची बाब. तळे उसाला चिकटून करू नये. दारणाकाठच्या आणि गोदाकाठच्या गावांना उसातल्या बिबट्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. पाणी दिसले की कुत्री येतात, रानडुकरे येतात, त्यांच्या मागे तोही येतो. ऊस आणि तळे यांच्यामध्ये वीस-पंचवीस फुटांचा मोकळा, स्वच्छ पट्टा राहू द्यावा, रात्री उजेड असावा आणि दिवेलागणीनंतर पोरांना तिकडे एकटे धाडू नये.

पाणी येणार कुठून?

“आधीच पाण्याची बोंब, त्यात हे कसले लाड?” असा प्रश्न काही जाणते सभासद विचारतील. रास्त आहे. त्याचे उत्तर आकड्यातच देऊ.

उन्हाळ्यात आपल्याकडे उघड्या पाण्यातून दिवसाला सुमारे आठ मिलिमीटर पाणी उडून जाते. ऐंशी चौरस फुटांच्या तळ्यातून हे होतात दिवसाला साठ लिटर, म्हणजे चार घागरी. चैत्र-वैशाख या दोन महिन्यांत मिळून साडेतीन हजार लिटरच्या आसपास, म्हणजे अख्खे तळे एकदा भरावे लागेल इतके. आता दुसऱ्या पारड्यात ऊस ठेवा. मोकाट पाण्यावरच्या सुरू उसाला हंगामात सुमारे २५० हेक्टर-सेंटिमीटर पाणी धरतात. एकरी हिशेब केला तर एक कोटी लिटर, दिवसाला सरासरी सत्तावीस हजार! तेव्हा परसातल्या चार घागरींनी विहीर आटणार नाही. सरीतल्या मोकाट पाण्याने आटेल. ज्याला पाण्याची खरी काळजी आहे, त्याने उसाला आधी ठिबक करावे आणि मग तळ्याची हौस करावी. दोन्ही साधते.

मात्र हा हिशेब न गळणाऱ्या तळ्याचा झाला. गळके तळे म्हणजे फुटकी घागर.

भरण्यासाठी सर्वांत चांगले पाणी छपराचे. नाशिकच्या बाजूला वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस धरला, तर पाचशे चौरस फुटांच्या पत्र्यावरून गळती-सांडणी वजा जाता पंचवीस हजार लिटरच्या वर पाणी मिळते. शंभर मिलिमीटर पाऊस झाला की आपले तळे भरून वाहू लागते. पन्हाळीला पाइप जोडून पाणी आणावे. पण पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर सोडून द्यावे. उन्हाळाभर पत्र्यावर धूळ, पाचट जाळल्याची काजळी, पक्ष्यांची विष्ठा आणि एकलहऱ्याच्या शिवारात कोळशाची बारीक कणीही साठलेली असते. नळाचे पाणी वापरायचे झाल्यास दोन दिवस उघडे ठेवून मग मासे सोडावेत. उसाच्या सरीतून निथळलेले पाणी तळ्यात अजिबात येऊ देऊ नये. त्यातल्या खताने पाणी आठवड्यात हिरवेगार होते.

खोदाई आणि अस्तर

खोदाई फाल्गुन-चैत्रात करावी, अस्तर वैशाखात घालावे आणि मृगाच्या पाण्यावर तळे भरावे. उन्हात प्लॅस्टिकचा कागद मऊ पडतो आणि घडीत नीट बसतो.

आधी दोरी किंवा जुना पाइप जमिनीवर टाकून आकार आखावा आणि दोन दिवस तसाच ठेवून येता-जाता पाहावे. मग काठाची पातळी घ्यावी. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढतो, तीच रीत. एक काठ दोन इंच खाली राहिला तर पाणी नेहमी तिकडेच सांडणार, आणि समोरचा कागद उन्हात उघडा पडून तडकणार.

आता खोदकाम. सरळ भिंत खोदू नये. काळी जमीन ढासळते. काठापासून आत एक फूट रुंदीची पहिली पायरी, पाण्याखाली नऊ इंचांवर. तिथून उतार घेत मध्ये दोन फूट खोली. दीड फुटापेक्षा उथळ तळे उन्हाळ्यात तापते आणि मासे मरतात. दोन फुटांपेक्षा खोल करण्याची परसात गरज नाही. आणि एका बाजूला घसरगुंडीसारखा सौम्य उतार ठेवावा, त्यावर खरबरीत फरशी किंवा दगड बसवावेत. तो कशासाठी, ते पुढे सांगतो.

अस्तराचे तीन प्रकार आहेत.

पहिला जुना प्रकार, चिकण माती तुडवून केलेला तळ. खर्च कमी. पण आपली माती वाळली की भेगाळते, आणि एका उन्हाळ्यात पाणी खाली गेले की तळाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी बारमाही टिकवता येत असेल तरच याच्या वाटेला जावे.

दुसरा सिमेंटचा. नुसत्या विटा आणि गिलावा काळ्या जमिनीत टिकत नाही. खाली सहा-नऊ इंच मुरूम दाबून, लोखंडी जाळी घालून चार इंचांचे काँक्रीट करावे आणि दोन आठवडे पाणी मारावे. नव्या सिमेंटचा क्षार पाण्यात उतरतो आणि त्यात मासे जगत नाहीत. म्हणून तळे दोन-तीन वेळा भरून, आठ-आठ दिवस ठेवून, रिकामे करावे आणि मगच मासे सोडावेत.

तिसरा प्लॅस्टिकच्या कागदाचा. शेततळ्याला वापरतात तोच ५०० मायक्रॉनचा, आयएस १५३५१ हा शिक्का असलेला कागद घ्यावा. बाजारातला पातळ काळा कागद दोन उन्हाळे काढत नाही. माप असे धरावे : लांबीत खोलीची दुप्पट मिळवा, शिवाय दोन्ही काठांना एकेक फूट. दहा, अधिक चार, अधिक दोन, म्हणजे सोळा फूट. रुंदीला आठ, चार आणि दोन मिळून चौदा फूट. सोळा बाय चौदाचा अखंड तुकडा. खड्ड्यातले खडे, मुळ्या, उसाचे धसकट हाताने वेचून काढावे, दोन इंच चाळलेली वाळू पसरावी, त्यावर खताच्या रिकाम्या गोण्या स्वच्छ धुऊन अंथराव्यात आणि मग कागद. काठाचा कागद चरात दाबून त्यावर दगड बसवावेत, म्हणजे ऊन लागत नाही आणि घुशी कुरतडत नाहीत.

एक सावधगिरीची सूचना. आपल्या भागात वीज केंद्राची राख सहज मिळते आणि राखेच्या विटाही चांगल्या होतात. म्हणून कोणी सुटी राखच तळाला पसरायचा विचार करील, तर तसे करू नये. कोळशाच्या राखेत जड धातूंचा अंश असतो आणि तो पाण्यात उतरू शकतो. त्याच पाण्यावर उद्या गाय तोंड लावणार आहे.

जादा पाणी जाणार कुठे?

छपरावर पंचवीस हजार लिटर पडते आणि तळ्यात साडेतीन हजार मावते. उरलेले कुठेतरी जाणारच. वाट करून दिली नाही, तर ते शेजाऱ्याच्या बांधावर जाईल आणि मग दोन घरांत बोलाचाली होईल.

काठाच्या तीन इंच खाली तीन इंची पाइप बसवावा, तोंडाला जाळी लावावी आणि त्याच्या पुढे चार सऱ्या काढाव्यात. त्यात वड्यांचे अळू, कर्दळ आणि दोन केळी. या झाडांना ओली जमीन आवडते आणि तळ्याचे पाणी त्यांना खतासारखे लागू पडते. तळ्याचे जादा पाणी घरच्या अळूवड्यांपर्यंत पोचले, म्हणजे योजना पुरी झाली.

पण या वाटेवरूनच एक शत्रूही बाहेर पडू शकतो. पाणवेलीचे जांभळट फूल दिसायला सुरेख, म्हणून काही जण नदीवरून एक रोप उचलून आणतात. कृपा करून आणू नये. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती गोदावरीवर काय करते, ते आपण दर वर्षी पाहतो. एकलहऱ्याच्या बंधाऱ्यापासून खाली सायखेडा-चांदोरीच्या पुलांपर्यंत हिरवी चटई पसरते आणि पुराच्या दिवसांत पुलाला अडकून पाणी तुंबवते. पुढे त्याच नदीवर नांदूरमधमेश्वर आहे. रामसर यादीत गेलेले ते महाराष्ट्रातले पहिले पाणथळ. आपल्या परसातला ओघळ शेवटी तिकडेच पोचतो, हे ध्यानात असू द्यावे.

तळ्यात लावायचेच, तर कमळ किंवा कुमुदिनी लावावी. कुमुदिनीची पाने पाण्यावर तरंगतात, कमळाची वर उचललेली असतात. कमळाचा कंद तळभर धावतो, म्हणून तो कुंडीत किंवा जुन्या पाटीत बांधूनच ठेवावा. निम्मे-अधिक पाणी पानांनी झाकले गेले, की शेवाळ आपोआप कमी होते. सुरुवातीचे काही आठवडे पाणी हिरवट दिसेल, त्याला घाबरून सगळे पाणी बदलू नये. बदलले, की ते पुन्हा पहिल्यापासून हिरवे होते.

डास, बेडूक आणि दिवड

तळे म्हटले की पहिली हरकत डासांची. डासामार्फत हिवताप पसरतो, याचा धागा रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली आपल्याच देशात, सिकंदराबादेत सापडला. तेव्हापासून साचलेले पाणी आणि ताप यांचे नाते जगाला कळले. पण डासाची अळी सगळ्या पाण्यात सारखी वाढत नाही. डेंग्यूचा डास लहान भांड्यांतल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून परसातल्या जुन्या टायरात, फुटक्या रांजणात, ठिबकच्या रिकाम्या डब्यात आणि तळ्यावरच्या कागदाच्या चुणीत साचलेले पाणी अधिक धोक्याचे. तळ्यात मासे असतील तर अळ्या टिकत नाहीत.

त्यासाठी गप्पी मासे पुरेसे आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी; हिवताप विभाग गप्पीची पैदास करतो आणि लोकांना देतो. वीस-पंचवीस मासे सोडले, की पुढे तेच वाढतात. त्यांना रोज चुरमुरे-पोळी टाकू नये. पोट भरले तर ते अळ्या कशाला खातील? आणि गप्पी परदेशी आहे, तेव्हा तो ओढ्यात-नदीत सोडू नये. थाई मागूर तर कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. तो बाहेर निसटला, तर नदीतले देशी मासे खाऊन टाकतो.

बेडूक न बोलावता येतात. येऊ द्यावेत. एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात होत्या. शेतातले किडे खाणारा हा गडी नाहीसा होऊ लागला, तशी १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली. बेडकांच्या मागे कधी दिवड येते. अंगावर चौकटी असलेला हा पाणसाप बिनविषारी आहे, त्याला मारू नये. मात्र तळ्याभोवती दगडांचे ढीग आणि उंच गवत राहू देऊ नये. उंदीर तिथे घर करतात आणि उंदरांमागे नाग-घोणस येतात.

पाण्यात पडलेला जीव बाहेर येणार कसा?

आता तिसरा प्रश्न.

आपल्या वाडवडिलांनी बांधलेली पाण्याची ठिकाणे आठवून पाहा. नाशिकचे रामकुंड, त्र्यंबकचे कुशावर्त, गावोगावच्या बारवा, नदीचे घाट. सगळीकडे पायऱ्या. विहिरीच्या बांधकामातही ठरावीक अंतरावर दगड पुढे काढून ठेवलेले असत, पडलेल्याने हात घालावा, पाय ठेवावा म्हणून. पाण्यापर्यंत उतरायची आणि पाण्यातून वर यायची वाट ही जुन्या बांधकामाची पहिली अट होती.

प्लॅस्टिकच्या शेततळ्याने पाणी टिकवले, पण पायरी हरवली. उताराचा कागद, त्यावर बुळबुळीत शेवाळ. पोहणारा गडी असला तरी त्याला वर चढता येत नाही. नखे घासतात आणि तो दमतो. आपल्या जिल्ह्यातल्या शेततळ्यांतून लहान मुलांच्या, बहिणीभावांच्या, एकाला वाचवायला उतरलेल्या दुसऱ्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या आहेत. आणि गळीत हंगामात आपल्या शिवारात आणखी मुले असतात. आईबाप पहाटेपासून फडात, पोरे कोपीपाशी. त्यांना ना शिवार ओळखीचे, ना पाणी. आपल्या शेततळ्याला कुंपण नसेल, तर त्याची किंमत कदाचित परमुलुखातून आलेले एखादे लेकरू देईल. हे आम्हाला सभासदांपुढे स्पष्ट मांडायचे आहे.

म्हणून पुढील गोष्टी ऐच्छिक समजू नयेत.

परसातल्या तळ्याला चार फूट उंचीचे जाळीचे कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक असावे, कडी लहान मुलाचा हात पोचणार नाही इतक्या वर. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल, तर पाण्याच्या पातळीच्या वर लोखंडी जाळी आडवी बसवावी. ती माणसाचे वजन पेलणारी हवी. रांगते मूल फूटभर पाण्यातही बुडू शकते आणि बुडताना त्याचा आवाज येत नाही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे मूल मोठे होईपर्यंत तळे थांबवावे. कमळ पळून जात नाही.

मघाशी सांगितलेला खरबरीत उतार याचसाठी. वासरू, कुत्र्याचे पिलू, खार, बेडूक, सगळ्यांना बाहेर यायची ती पायवाट आहे.

शेततळे असेल, तर चारही बाजूंना काठावरच्या खुंटाला गाठी मारलेला जाड दोर बांधून पाण्यात सोडावा, एका बाजूला जुन्या टायरांची शिडी करावी, काठावर हवा भरलेली ट्यूब आणि लांब बांबू कायमचा ठेवावा. कुंपण तर हवेच.

आणि घरातल्या प्रत्येकाला हे पाठ असावे. कोणी बुडताना दिसले, तर आधी हाक मारून माणसे जमवावीत. पोहता येत नसेल, तर पाण्यात उतरू नये. दोर, बांबू, साडी, ट्यूब जे हाताशी असेल ते फेकावे. बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे काहीही करू नये. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास चालत नसेल, तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबण्यास सुरुवात करावी. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ नंबर फिरवावा. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस ठरवला आहे. आपल्याकडे त्याच सुमारास तळी भरतात. शाळेत आणि गट ऑफिसात त्या दिवशी हे प्रात्यक्षिक करून दाखवावे, अशी आमची सूचना आहे.

राखणार कोण?

इथे थोडे लांबचे उदाहरण देतो, पण ते ऊसवाल्यांचेच आहे. भंडारा-गोंदियाकडे कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी शेकड्यांनी तलाव बांधले. कशासाठी? धानासाठी आणि उसासाठी. ना यंत्र, ना इंजिनिअर. उताराची पारख आणि हाताची मेहनत. ज्यांनी बांधले तेच पाणी वापरत, गाळ काढत, पाळ दुरुस्त करीत. पुढे १९५१ च्या सुमारास मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा तलाव’ झाले. मालकी ठरली, पण रोज बघणारा माणूस ठरला नाही. कितीतरी तलाव गाळाने भरत गेले.

परसातल्या तळ्याचेही तसेच आहे. म्हणून पहिल्या दिवशीच घरात एकाच्या नावावर ते काम लावावे. रोज एक नजर : कुंपणाची कडी लागली आहे ना, पाण्याची पातळी किती. आठवड्याला एकदा पडलेली पाने काढणे, जाळी साफ करणे, परसातले टायर-डबे उपडे करणे. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या शेवटी, निम्मे पाणी केळीला देऊन गाळ काढणे. तो गाळ उत्तम खत आहे. एवढे करायला आठवड्याला तासभरही लागत नाही.

पण तेवढा तासही निघणार नसेल, तर तळे करू नये. त्या जागी शेवगा लावावा, कढीपत्ता लावावा. कोणी नावे ठेवणार नाही.

आपल्याकडे म्हण आहे, तळे राखील तो पाणी चाखील. आजवर आपण ती हसण्यावारी, दुसऱ्याला टोमणा म्हणून वापरली. सरळ अर्थाने घेतली तर तीत सगळी योजना आलेली आहे. आधी राखणे, मग चाखणे.

ज्या सभासदांच्या शेततळ्याला आज कुंपण किंवा दोर नाही, त्यांनी परसातल्या कमळाचा विचार करण्याआधी हे काम उरकावे. ऊसतोडीच्या टोळ्या फडात उतरण्यापूर्वी ते झाले, तर फार बरे. गाठी मारलेला दोर लावायला एक सकाळ पुरते.